एकतीस वर्षांचा साग उक्ता द्यावा की मोजून? ठेकेदाराचा हिशेब पटत नाहीये

रानमाळ:

नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे, पण अर्धवट माहिती दिली तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

वडिलांनी १९९४ मध्ये दोन हेक्टरवर साग लावला होता. गेल्या वर्षी ते गेले आणि रान माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर आलं. रोपं दोन-दोन मीटरवर होती, म्हणजे सुरुवातीला पाच हजारांच्या घरात. २००३ आणि २००९ मध्ये त्यांनी दोनदा विरळणी केली. मधल्या काळात काही झाडं वाऱ्याने पडली, काही उभ्याउभ्या वाळली. मागच्या पंधरवड्यात आम्ही दोघं रांगेरांगेने फिरलो आणि खडूने आकडे टाकत मोजलं. ११४० झाडं उभी आहेत.

एक ठेकेदार येऊन गेले. अर्धा तास रानात फिरले, चार-पाच बुंध्यांना हाताने वेढा घातला आणि सगळ्या रानाचा मिळून एक आकडा सांगितला. उक्तं. तोड त्यांची, वाहतूक त्यांची, आम्ही फक्त सही करायची. किती घनफूट धरलंत, असं मी विचारलं तर म्हणाले, "झाडामागे सरासरी पाच घनफूट, आणि त्यातलंही निम्मं जळाऊच निघेल." वर हेही म्हणाले की यंदा सगळीकडे तोड वाढली आहे, येत्या चार महिन्यांत भाव बसणार, तेव्हा लवकर ठरवा.

भाव किती मिळायला हवा ते विचारत नाहीये, तो जागोजागी वेगळा असतो. मला एवढंच कळून घ्यायचं आहे की पाच घनफूट हा आकडा त्यांनी काढला कसा, आणि तो बरोबर की चूक हे मी स्वतः कसं ताडून पाहू? दुसरं म्हणजे, तोडीचं प्रमाण वाढलं की रानमालकांचं उत्पन्न वाढतं असं मी वाचत आले होते. हे तर उलटंच सांगतायत.

भावावर घराचं कर्ज आहे, त्यामुळे "थांबा, बघू" असं नुसतं म्हणून चालणार नाही.

जुना मोजणीदार:

ताई, आधी एक गोष्ट. इसार घेऊ नका. इसार घेतला की माणूस मनातून विकून मोकळा होतो आणि पुढचं कुठलंच मोजमाप त्याच्या हातात राहत नाही.

मी चौतीस वर्षं ओंडके मोजले, निम्मी वर्षं तोडीच्या जागेवर आणि निम्मी वखारीत. टेप, खडू, शिक्क्याचा हातोडा आणि वही, एवढाच माझा संसार. बुंध्याला वेढा घालून घनफूट सांगणारे खूप बघितले. त्यांतल्या काहींचा हात खरोखर तयार असतो, नाही असं नाही. पण तो अंदाज ते स्वतःसाठी करतात, तुमच्यासाठी नाही.

पाच घनफूट कुठून आले ते असं बघा. समजा एका झाडातून सहा मीटरचा सरळ ओंडका निघतो आणि त्याचा मधला घेर ७२ सेंटिमीटर आहे. शाळेतल्या गणिताने, म्हणजे घेराचा वर्ग भागिले चार गुणिले पाय (π), मग गुणिले लांबी, असं केलं तर ०.२४७ घनमीटर येतं. म्हणजे पावणेनऊ घनफूट. आता हाच ओंडका वखारीच्या रिवाजाने मोजू. तिथे घेराचा चौथा भाग घेतात, त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. ७२ चा चौथा भाग १८, म्हणून उत्तर ०.१९४ घनमीटर, पावणेसात घनफुटांच्या थोडं वर. लाकूड तेच, पण कागदावर साडेएकवीस टक्के कमी. ही पद्धत जुनी आहे. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रज सर्व्हेअरने १७३६ मध्ये तिचे तक्ते छापले. गोल ओंडका चौकोनी करताना पाठकूट, म्हणजे बाजूचं गोलसर लाकूड, निघून जातं, ते आधीच वजा धरायचं हा तिच्यामागचा विचार. त्यात लबाडी नाही. घोटाळा होतो तो भाव पूर्ण घनफुटाचा बोलून मोजणी पाव घेराने केली की. कुठली पद्धत धरणार हे तोंडाने नाही, कागदावर लिहून घ्या.

आणखी एक जागा आहे. ७२ सेंटिमीटर म्हणजे सव्वाअठ्ठावीस इंच. मोजणारा त्याचे अठ्ठावीस करतो, हात आखडता असेल तर सत्तावीस. सहा मीटर म्हणजे एकोणीस फूट आठ इंच, त्याचे तो एकोणीस करतो. सत्तावीस इंच आणि एकोणीस फूट धरून पाव घेराने गुणून बघा, बरोबर सहा घनफूट येतात. पावणेनऊचे सहा झाले आणि प्रत्येक पायरीवर "एवढं तर सोडतातच" असं म्हणायला जागा राहिली. तिथून पाचवर यायला फार काही लागत नाही.

सालीचंही ठरवून घ्या. साल एक सेंटिमीटर जाड असली तर घेरात सव्वासहा सेंटिमीटर जातात आणि ७२ च्या ओंडक्याचं आकारमान सतरा टक्क्यांनी उतरतं. सालीसह मोजणार की साल काढून, आणि भाव कशाचा, हे दोन्ही एकाच ओळीत लिहिलेलं असलं पाहिजे.

आता तुमचं काम. सगळी ११४० झाडं मोजायची गरज नाही. दर एकोणिसावं झाड धरा, साठ होतील. हेच का, शेजारचं चांगलं दिसतंय, असं मनात येईल. तरी एकोणिसावंच. जमिनीपासून १.३ मीटरवर टेप लावा, उतार असेल तर वरच्या बाजूने उंची धरा, टेप आडवी आणि ताठ. गाठ आली तर थोडं वर सरका. मग सात-आठ झाडांना शिडी लावून तीन मीटरवरचा घेर घ्या. छातीच्या उंचीचा घेर आणि तो घेर यांचं जे प्रमाण निघेल ते बाकीच्या झाडांना लावा. प्रत्येक झाडापुढे लिहा: सरळ किती मीटर, दुबेळकं (दोन फाटे फुटलेलं) आहे का, पोकळ वाजतं का. कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकलं की कळतं.

बुंधा:

ताई, मी तुमच्या जागी २०१२ मध्ये होतो. आजोबांचं मिश्र रान होतं आणि घरात आजारपण आलं. एका व्यापाऱ्याने ३५० झाडांचा उक्ता आकडा सांगितला. आम्ही दोघांनी मिळून छातीच्या उंचीला तांबड्या रंगाचे पट्टे मारले आणि मी सही केली. दहा दिवसांत रान मोकळं झालं.

ते गेल्यावर मी खुंट मोजले. ४१२ भरले. बासष्ट झाडं जास्त गेली होती आणि माझ्याकडे एकही पुरावा नव्हता, कारण रंग छातीच्या उंचीला होता, तो ओंडक्याबरोबर निघून गेला. खुंटावर काय राहणार? तेव्हापासून जो विचारेल त्याला सांगतो, खूण दोन ठिकाणी मारा. एक छातीला आणि दुसरी अगदी मुळाशी, जमिनीला टेकून. झाड गेलं तरी खालची खूण राहते. बिनखुणेचा खुंट दिसला की तो चोरीचा.

मग मुलाला घेऊन तीन दिवस खुंटांचे व्यास मोजत बसलो. विकायच्या आधी जे करायचं ते मी नंतर केलं. त्या वहीतून जो आकडा निघाला तो मला मिळालेल्या रकमेशी ताडून बघितला आणि पुढे किती तरी रात्री झोप लागली नाही. पैसे आजारपणाला लागले, त्याचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की आजोबांनी चाळीस वर्षं जपलेल्या झाडांना मी चाळीस मिनिटंही टेप लावली नाही.

आणि ओंडके ओढून न्यायच्या वाटा आधी ठरवा. आमच्याकडे ट्रॅक्टर वाटेल तिथून नेला, खालची सगळी कोवळी रोपं चिरडली.

आकडेमोड:

तोड वाढली की उत्पन्न वाढतं का, या प्रश्नाबद्दल. वर्षाची तोड घनमीटरमध्ये आणि मालकांची कमाई पैशांत, हे दोन आकडे बातमीत शेजारी छापलेले असतात म्हणून ते जोडीने चालतात असं वाटतं. प्रत्यक्षात मधे दोन गोष्टी येतात. कुठलं लाकूड तुटलं, आणि का तुटलं.

कुठलं, याला फिनलंडचं उदाहरण चांगलं आहे, कारण तिथल्या जंगलाखालच्या जमिनीपैकी साठ टक्क्यांच्या आसपास खासगी व्यक्तींच्या आणि कुटुंबांच्या मालकीची आहे आणि लुके ही सरकारी संशोधन संस्था तोडीचे आणि मालकांच्या कमाईचे आकडे नेमाने छापते. तिथे आकारमानाने पाहिलं तर कागदाच्या लगद्याला जाणारं बारीक लाकूड करवतीच्या ओंडक्यांपेक्षा जास्त तुटतं. पण मालकांच्या हातात येणाऱ्या पैशातला मोठा वाटा करवतीच्या ओंडक्यांचा असतो, कारण घनमीटरमागे त्यांचा भाव लगद्याच्या लाकडापेक्षा बराच जास्त असतो. म्हणजे एखाद्या वर्षी नुसती विरळणी जास्त झाली तर तोडीचा आकडा फुगेल आणि कमाई जागची हलणारही नाही. तुमच्या ठेकेदारांचं "निम्मं जळाऊ" हे वाक्य म्हणूनच पाच घनफुटांपेक्षा महत्त्वाचं आहे. आकारमानात त्यांनी थोडं कमी धरलं असेल, पण खरा पैसा त्या "निम्म्या"मध्ये आहे.

तिथली आणखी एक गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल. फिनलंडमध्ये बहुतेक मालक झाडं उभीच विकतात, तोड आणि वाहतूक खरेदीदाराची, अगदी तुमच्या सौद्यासारखी. पण तो सौदा उक्ता नसतो. करवतीच्या लाकडाला इतके, लगद्याच्या लाकडाला इतके, असा घनमीटरमागे दर ठरतो. तोडणारं यंत्रच प्रत्येक ओंडक्याची लांबी-जाडी नोंदवतं आणि पैसे त्या नोंदीवर मिळतात. उभं विकणं आणि उक्तं विकणं ही एकच गोष्ट नाही. ठेकेदार ती एक करून सांगतात.

आता का तुटलं. जानेवारी २००५ मध्ये गुद्रुन नावाचं वादळ दक्षिण स्वीडनवरून गेलं आणि एका रात्रीत सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवं झालं. साऱ्या देशात एका वर्षात होते जवळपास तेवढी तोड. पडलेलं लाकूड थांबत नाही, कीड लागते, बुरशी येते. म्हणून सगळ्यांना ते एकदमच काढावं लागलं आणि भाव कोसळला. ब्यूहोल्मा इथल्या जुन्या धावपट्टीवर सुमारे दहा लाख घनमीटर ओंडके रचून त्यांवर सतत पाणी मारत ठेवलं होतं, टिकावेत म्हणून. चेक प्रजासत्ताकात दुष्काळामागोमाग सालकिडा आला आणि २०२० मध्ये तोड साडेतीन कोटी घनमीटरच्या वर गेली, विक्रमी. त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त लाकूड किडलेलं किंवा पडलेलं होतं. तोड विक्रमी झाली आणि मालकांचे हाल झाले. काही ठिकाणी लाकडाच्या पैशातून तोडीचा खर्चही निघेना, सरकारला मदत द्यावी लागली.

तेव्हा तोड वाढली की भाव बसतो, हे ठेकेदार म्हणतात ते अगदी खोटं नाही. पण तुमचा साग पडलेला नाही, किडलेला नाही. ज्याचं झाड निरोगी उभं आहे त्याला वाईट वर्ष टाळता येतं. त्या स्वीडिश मालकांकडे नेमकं हेच उरलं नव्हतं.

करामुळेही तोड वरखाली होते. फिनलंडमध्ये पूर्वी लाकूड विकलं काय, न विकलं काय, जमिनीच्या कसावर कर बसायचा. १९९३ मध्ये तो विक्रीच्या उत्पन्नावर आला आणि ज्यांना जुनी पद्धत ठेवायची होती त्यांना २००५ अखेरपर्यंत मुदत मिळाली. मुदत संपायच्या आधी तोडून घेण्यात त्यांचा सरळ फायदा होता. म्हणून नुसत्या तोडीच्या आकड्यावरून बाजाराबद्दल अनुमान काढू नये.

निलगिरीवाला:

माझ्याकडे निलगिरी आहे, ती टनावर जाते. तिथेही असंच मोजता येईल का?

जुना मोजणीदार:

टनावर घेर मोजून उपयोग नाही, तिथे दिवस मोजा. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असतं आणि ते पहिल्या काही दिवसांत झपाट्याने उडतं. तोड झाली, पण गाडी पंधरा दिवस आली नाही, तर ते नुकसान तुमच्या खिशातून जातं. तोडीनंतर किती दिवसांत काटा होणार हे लिहून घ्या, आणि रिकाम्या गाडीचं वजन डोळ्यांसमोर करा.

हिशेबी:

मला वेगळं म्हणायचं आहे. सगळे "थांबा, मोजा" म्हणताहेत, पण ताईंच्या भावावर कर्ज आहे आणि कर्जाला व्याज आहे. झाड उभं ठेवणं फुकट नसतं. मार्टिन फाउस्टमान या जर्मन वनाधिकाऱ्याने १८४९ मध्येच हे मांडलं होतं की उभ्या झाडांत अडकलेल्या पैशाचं व्याज धरायचं आणि ती जमीन दुसऱ्या पिढीच्या झाडांना मोकळी होत नाही त्याची किंमतही धरायची. झाडाची वाढ दरसाल व्याजापेक्षा कमी झाली की तोडणंच शहाणपणाचं. रानाबद्दल माया असते, ती मलाही कळते. माझ्या आईने लावलेली झाडं मी अजून तोडलेली नाहीत. पण कर्ज फेडायचं असताना मायेवर हिशेब करता येत नाही.

ताई, तुमची झाडं दरसाल किती टक्के वाढताहेत? ते कळल्याशिवाय "थांबा" हा सल्ला कुणी देऊ नये, आणि "विका" हाही.

जुना मोजणीदार:

हे बरोबर आहे, आणि हा प्रश्न मीच आधी विचारायला हवा होता.

वाढीचा हिशेब अवघड नाही. घेर वर्षाला दोन सेंटिमीटर वाढत असेल तर ७२ चा ७४ होतो आणि आकारमान साडेपाच टक्क्यांनी वाढतं. एकच सेंटिमीटर वाढत असेल तर पावणेतीन टक्के. शिवाय एक गोष्ट टक्क्यात दिसत नाही. घेर एका गटातून वरच्या गटात गेला की घनफुटाचा भावच बदलतो, कारण जाड ओंडक्यातून रुंद फळी निघते आणि तासणीत कमी वाया जातं. ६० सेंटिमीटर घेराच्या ओंडक्याच्या चौपट लाकूड १२० घेराच्या तेवढ्याच लांबीच्या ओंडक्यात असतं, आणि वर त्या प्रत्येक घनफुटाला भावही जास्त. नव्वदच्या आसपास घेर असलेलं सरळ झाड तोडताना म्हणूनच हात थबकायला हवा.

वाढ कळायचे दोन मार्ग. बोअर मारून गाभ्यापर्यंतची बारीक कांडी काढायची आणि वर्षांची वलयं मोजायची. सागाची वलयं स्पष्ट दिसतात. किंवा जुनं मोजमाप. ताई, तुमच्या वडिलांनी स्वतः दोन विरळण्या केल्या म्हणता. विरळणी करणारा माणूस काही ना काही लिहून ठेवतो. घरात वही शोधा.

रानमाळ:

काका, वही सापडली. बियाण्यांच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात होती. मी दोन दिवस नुसती ती वाचत बसले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

त्यांनी २००९ च्या विरळणीनंतर पंचवीस झाडांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातले होते आणि त्यांचे घेर लिहिले होते. २०१६ मध्ये तीच झाडं पुन्हा मोजली होती. रंग फिका झालाय, पण भावाने ओल्या फडक्याने पुसून एकेक आकडा शोधला. पंचवीसपैकी बावीस झाडं उभी आहेत. त्या बावीस झाडांचा छातीच्या उंचीचा सरासरी घेर २००९ मध्ये ५८ सेंटिमीटर होता, २०१६ मध्ये ७४ आणि आता, २०२५ मध्ये, ८५ भरला. म्हणजे पहिल्या सात वर्षांत सोळा सेंटिमीटर आणि नंतरच्या नऊ वर्षांत फक्त अकरा. घेराचा वर्ग धरून हिशेब केला तर आधी दरसाल सात टक्क्यांच्या वर वाढ होती, आता तीनच्या जवळ आली आहे.

साठ झाडांचंही झालं. सरासरी घेर ८१, सगळ्यात बारीक ५२, सगळ्यात जाड ११८. आठ झाडांना शिडी लावली, तीन मीटरवरचा घेर खालच्या घेराच्या ८५ टक्के येतो. प्रत्येक झाडाचा वेगळा हिशेब करून सरासरी काढली तर झाडामागे ०.२३ घनमीटर, म्हणजे आठ घनफुटांच्या थोडं वर. पाव घेराने ६.३८. ठेकेदारांच्याच पद्धतीने सगळ्या रानाचे सात हजार दोनशेच्या वर घनफूट होतात. पाचने गुणून ते ५७०० धरत होते.

साठपैकी अकरा झाडं वाकडी, दुबेळकी किंवा ठोकल्यावर पोकळ वाजणारी निघाली. निम्मी नाहीत.

पण हिशेबी दादांचं म्हणणंही खरं ठरलंय. तीन टक्के वाढ भावाच्या कर्जाच्या व्याजापेक्षा कमी आहे. मग काय करू?

जुना मोजणीदार:

ताई, तुमच्या वडिलांची वही माझ्या चौतीस वर्षांच्या वह्यांपेक्षा चांगली आहे. एकाच झाडाचं सोळा वर्षांत तीनदा मोजमाप फार कमी मालकांकडे असतं.

आता नीट बघा. वाढ मंदावली ती झाडं म्हातारी झाली म्हणून नाही. एकतिसाव्या वर्षी साग म्हातारा होत नाही. दोन हेक्टरवर ११४०, म्हणजे हेक्टरी ५७० झाडं, आणि सरासरी घेर ८१. सगळे बुंधे छातीच्या उंचीला आडवे कापले तर हेक्टरी जवळपास तीस चौरस मीटर छेद होईल. साग उजेडाचं झाड आहे, त्याला एवढी दाटी सोसत नाही. शेंडे एकमेकांत घुसलेत, पानाला जागा नाही, मग बुंधा जाड कशाने होणार? २०१६-१७ च्या सुमारास तिसरी विरळणी व्हायला हवी होती, ती राहून गेली.

म्हणून सगळं विका किंवा काहीच विकू नका, असे दोनच रस्ते नाहीत. तिसऱ्या हिश्शाएवढी झाडं काढा. वाकडी, दुबेळकी, पोकळ, आणि शेंडा खाली दबलेली. तुमच्या अकराच्या प्रमाणावरून सदोषच दोनशेच्या आसपास निघतील, उरलेली दबलेल्यांतून. निवड तुम्ही करायची आणि खुणा तुमच्या हाताने मारायच्या, बुंधा म्हणाले तसं दोन ठिकाणी. ठेकेदाराला निवडू दिलं तर तो ११८ घेराचं पहिलं उचलेल आणि ५२ चं तुम्हाला ठेवेल, आणि पुढची वीस वर्षं तुम्ही त्या खुरट्यांना वाढवत बसाल. असं चाळून नेलेलं रान मी पाहिलंय, ते पुन्हा उभं राहत नाही.

सौदा घेराच्या गटांवर करा. इतक्या घेरापर्यंत हा दर, त्याच्या वर हा, जळाऊ वेगळं. मोजणी तोडीच्या जागेवर, दोघांसमोर, प्रत्येक ओंडक्यावर नंबर, दोन वह्या, दोन्हींवर दोघांच्या सह्या. पैसे गाडी हलायच्या आधी. तोडीची आणि वाहतुकीची परवानगी जिथे लागते तिथे ती आधी हातात असू द्या.

हिशेबी:

मान्य. राहिलेल्या झाडांना जागा मिळून वाढ पुन्हा पाच टक्क्यांकडे गेली तर माझंही गणित थांबायच्या बाजूने येतं. फक्त ते गृहीत धरू नका. त्या बावीसमधल्या उरतील तेवढ्या झाडांना दरवर्षी एकाच महिन्यात टेप लावा.

रानमाळ:

दुसऱ्या दोन व्यापाऱ्यांना बोलावून वही दाखवली. एक जण ती बघून निघूनच गेले. दुसऱ्यांनी बसून, सालीसह, पाव घेराने, घेराच्या तीन गटांचे तीन दर लिहून दिले. ३७० झाडांचा अंदाज धरला तर भावाच्या कर्जाचा निम्म्याच्या जवळ भाग फिटतो. बाकीच्याला त्याने दोन वर्षांची मुदत मागून घेतली आहे. तो स्वतः म्हणाला, "जाड झाडांना आता हात नको लावूया."

उद्यापासून खुणा करायला सुरुवात. वहीत सहा झाडांपुढे वडिलांनी २०१६ मध्ये "पुढच्या खेपेला काढणे" असं लिहून ठेवलंय. १७ नंबरचं त्यातलंच. २०१७ पासून त्यांना चढउतार जमेना आणि ती खेप राहिली. आम्ही मोजलेल्या साठांत १७ नंबर आलं होतं. आमच्या कागदावरही त्यापुढे "वाकडं" असंच आहे.

काका, एक शेवटचं. काही बुंध्यांवर जाड वेल चढलाय, टेप त्यावरूनच घेऊ का?

जुना मोजणीदार:

नको. वेल कापा, दोन बोटं साल मोकळी करा आणि मग टेप लावा. आणि सुरुवात १७ नंबरपासून करा.